तिची पाठ लागली नाही

बायको गेली आणि घरी माणसं यायला लागली. येतात, चहा घेतात, आणि उठताना एकच शब्द टाकून जातात. बिचारी. लई सोसलं हो बिचारीनं. मी ऐकून घेतो, कारण दारात आलेल्या माणसाला हाकलायची रीत नाही. ती जित्ती असती तर एकालाही उंबऱ्याबाहेर पडू दिलं नसतं. "बिचारी कुणाला म्हंटलासा पावणं? परत म्हणा बगू," असं विचारून त्याला कपबशीसकट तिथंच बसवलं असतं.

म्हणून हे लिहायला घेतलंय. मी सातवी शिकलेला. शिरोलीच्या फाउंड्रीत सदतीस वर्षं मोल्डर होतो. वाळूत साचा करायचा, त्यात लोखंडाचा रस ओतायचा, एवढं मला येतं. लिहिणं माझं काम नव्हे. पण माणसावर चुकीचा शब्द चिकटलेला मला बघवत नाही.

ती निपाणीकडची. बाप पैलवान. तालमीत बायकांना पाय ठेवता येत नाही, म्हणून ही लहानपणी बाहेरच्या भिंतीवर चढून कुस्त्या बघायची. डाव सगळे पाठ. लग्नानंतर शिवाजी पेठेत आली तर इथंही गल्लीच्या तोंडाला तालीम. माहेरी आल्यासारखीच वागली. आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, आणि ही तर पैलवानाची पोरगी, त्यामुळं नवीन माणसाला भिंतीपलीकडून कोण गडी भांडतोय असं वाटायचं. मला खुशीत असली की 'अवो', आणि डोकं फिरलं की कानडी 'री'. 'री' ऐकू आलं की मी चप्पल घालून कोपऱ्यावर जायचो.

जगात तिच्या मते दोनच गोष्टी होत्या. पाठ लागली, नाहीतर पाठ लागली नाही. कुस्तीत पाठ भुईला लागली की माणूस हरला, तोवर नाही. हाच नियम तिनं सगळ्याला लावला. कंपनीत संप होऊन मी चार महिने घरी बसलो, तेव्हा भाकरी ताटात टाकत म्हणाली, "पाठ लागली का तुमची? न्हाय न्हवं? मग कुस्ती चालू हाय. जेवा." आम्हाला मूल झालं नाही. त्यावर माझी आई हिला काहीबाही बोलायची. एक दिवस ही आईसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, ह्या डावात आमी दोघंबी खाली हाय, पर पाठ लागली न्हाय." आईला कुस्तीतलं काही कळत नव्हतं. पण ती परत बोलली नाही.

अडतिसाव्या वर्षी तिच्या गालांवर तांबडं उठलं. नाकावरून दोन्हीकडं पंख पसरल्यासारखं. सकाळी बोटं वळायची नाहीत, जरा उन्हात गेली की ताप. कोण म्हणालं ॲलर्जी, कोण म्हणालं वात, कोण म्हणालं देवीचं काहीतरी राहिलंय. वर्ष असंच गेलं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून नाव सांगितलं. ल्युपस. बाई समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, शरीरात राखण करणारी माणसं असतात, ती चुकून आपल्याच घरावर दगड मारायला लागली आहेत.

"म्हंजे भाऊबंदकी," ही म्हणाली.

बाई हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच.

"मग ह्ये मिटनार कवा?"

"मिटत नाही. दाबून ठेवायचं. गोळ्या कायमच्या घ्याव्या लागतील."

आम्ही घरी आलो. पायरीवर चप्पल काढताना म्हणाली, "पावणी आलीया घरात. ऱ्हाईना. पर सैपाकघर तिच्या ताब्यात द्यायाचं न्हाय." तेव्हापासून त्या आजाराचं नाव पावणी. बोटं सुजली की "पावणी उठलीया आज", ताप आला की "पावणी रुसलीया". डॉक्टरीणबाईसुद्धा पुढं पुढं विचारायच्या, पावणी कशी आहे?

पावणीला दाबायची गोळी म्हणजे स्टिरॉइड. त्या गोळीनं ताप गेला, बोटं वळायला लागली, आणि तोंड पुरीसारखं टम्म फुगलं. गल्लीतल्या बायकांना वाटलं अंग धरलं. "वैनी, तब्येत लई सुधारली की." ही म्हणायची, "व्हय, गोळ्या मानवल्या." उन्हात जायचं नाही असं बाईंनी सांगितलं होतं. हिनं त्यावर उपाय काढला. माझा कंपनीचा खाकी शर्ट साडीवरून घालायचा, गळ्यापर्यंत बटणं लावायची आणि बाप्यांची काळी छत्री घेऊन भर बारा वाजता बाजाराला जायचं. जून असो, जानेवारी असो. शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव. भाजीवाले मला विचारायचे, "कामाला तुमी जातासा का वैनी?" मी हिला म्हटलं, निदान सकाळी लवकर जा. तर म्हणे, "उनाला भिऊन मी सकाळी जायाचं व्हय? त्येनं मला भिऊन ढगात जावं."

पण हे ऐकून कुणी समजू नये की ती औषधाला न मानणारी होती. तिथंच माणसं चुकतात. ह्या घरात गोळी एक दिवस चुकली नाही. माझी भावजय एकदा म्हणाली, "अक्का, ह्या विंग्रजी गोळ्या हाडं खात्यात म्हणं. टाकून दे. म्हशीचं दूध पी, डिंकाचं लाडू खा." कोल्हापुरात काय झालं तरी आधी दूध. हिनं डॉक्टरीणबाईंना तोंडावर विचारलं, गोळी हाडं खाती का? बाई म्हणाल्या, "खाते. म्हणून जमेल तशी कमी करत आणली. पण एकदम बंद केली तर जिवावर बेतेल, आणि पावणी किडनीवर बसेल. हाडांसाठी वेगळ्या गोळ्या देते, त्याही घ्या." घरी येऊन भावजयीला म्हणाली, "दोन पैलवान हाईत. एक घरात शिरलाय, दुसरा त्येला धरून बसलाय आणि बसल्या बसल्या माझं खांब हलवतोय. धरणाऱ्याला सोड म्हणतीस व्हय? तुझं डिंकाचं लाडू दे, ते खातो की. पर गोळी ऱ्हानार."

एवढं समजणारी बाई. आणि मी काय केलं ते आता लिहितो.

गोळ्या सुरू होऊन पंधराएक वर्षं झाली होती. तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. आधी चढावर, मग सपाटीला, मग ती पाय ओढायला लागली. मला वाटलं, गुडघ्याला तेल कमी पडलंय. आमच्या पेठेत हाड दुखलं, शिर चढली, खांदा निखळला की माणूस दवाखान्यात जात नाही, तालमीत जातो. तिथले वस्ताद म्हणजे माझे जुने मित्र. माझा मोडलेला अंगठा त्यांनीच बसवला होता. बायकांना तालमीत प्रवेश नाही, तर वस्ताद माझ्यासाठी घरी यायला लागले. रोज संध्याकाळी अर्धा तास. गुडघा चोळायचे, पाय धरून खालवर करायचे, बाहेर ओढायचे. ही दात आवळून बसायची. डाव कुठला चाललाय ते मात्र सांगायची. "वस्ताद, ह्यो ढाक झाला का न्हाय?" वस्ताद हसून आणखी जोर लावायचे.

महिन्याभरानं ती मला म्हणाली, "अवो, गुडघा न्हवं. वर कायतरी हाय. हितं, जांगंत."

मी म्हटलं, "तुला काय कळतंय? दुखतंय कुठं? गुडघ्यात न्हवं? मग गुडघाच."

असं आणखी दोनदा ती म्हणाली आणि दोनदा मी हेच बोललो. सात महिने. सात महिने मी रोज तेल कोमट करून दिलं.

एक दिवस ती चुलीपुढून उठायला गेली आणि उठलीच नाही. पाट धरून बसून राहिली. ओरडली नाही. म्हणाली, "री, रिक्षा आणा."

हाडाच्या डॉक्टरांनी मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढला, खुब्याचा. मी म्हटलं, साहेब, दुखतंय गुडघ्यात. ते म्हणाले, खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. मग फोटोवर बोट ठेवून सांगितलं. मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा असतो, तो खुब्याच्या वाटीत फिरतो. त्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या बंद पडल्या होत्या. रक्त नाही म्हणून हाड आतून मेलं, आणि वर वजन पडत राहिलं म्हणून चेपलं. लई वर्षं स्टिरॉइड घेणाऱ्यांना होतं हे, ल्युपसवाल्यांना जास्त. लवकर कळलं असतं तर गोळा वाचवायचा काही प्रयत्न करता आला असता, खात्री नव्हती, पण प्रयत्न. आता सांधा बदलायचा.

त्या फोटोतलं मला जेवढं समजलं तेवढं त्या खोलीत कुणाला समजलं नसेल. साच्यात रस शेवटपर्यंत पोचला नाही की जॉब, म्हणजे ओतलेला नग, आतून पोकळ राहतो. वरून झकास दिसतो. ठोकून बघितलं, मशीनवर चढवलं, की खड्डा पडतो. असे जॉब मी आयुष्यभर आवाजावरून ओळखून बाजूला काढले. आणि घरातला ओळखला नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय उपचार करत होता?"

मी पिशवीतली गोळ्यांची चिठ्ठी चाचपायला लागलो. ती म्हणाली, "ह्येंनी मला चांगल्या मानसाकडं दावलतं, डॉक्टर. दुखनंच खोटं बोललं, त्येला ह्ये काय करत्याल?"

परक्यापुढं मला असं झाकलं. रिक्षात बसलो, रंकाळ्यापर्यंत आलो. मग बाहेर बघत एकच शब्द म्हणाली. "गुडघा."

बास. त्यापुढं शिवी नाही, रडणं नाही. पण तो शब्द घरात राहिला. कुणीही आपल्याला कळत नसलेलं छातीठोकपणे सांगायला लागलं की ती म्हणायची, "गुडघा." टीव्हीवर पुढारी बोलायला लागला, गुडघा. भावजय नवीन उपाय घेऊन आली, गुडघा. वस्तादांना तर तोंडावर म्हणाली. वस्ताद त्या दिवशी आमच्या सोप्यात बसून रडले, आणि हिनं त्यांना ताक दिलं. पुढं तालमीत कुणी गुडघा घेऊन आलं की वस्ताद आधी विचारायचे, कसल्या गोळ्या चालू हाईत का? फोटो काढलासा का? न्हाय? मग आदी दवाखाना.

सांधा बदलला. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिला प्रश्न मला विचारला, "कसलं लोखंड घातलंय? तुमच्या कंपनीतलं न्हाय न्हवं?" मी म्हटलं, न्हाय, चांगलं हाय. तर म्हणे, मग टिकंल.

डॉक्टरांनी कडक नियम घालून दिले. भुईवर बसायचं नाही. मांडी तर कधीच घालायची नाही, सांधा निखळेल. झोपताना दोन पायांत उशी. इथं ती खरी अडली. आम्ही लिंगायत. रोज सकाळी आंघोळ करून मांडी घालून बसायचं, डाव्या तळहातावर लिंग ठेवून पूजा करायची. सहाव्या वर्षापासून तिची ती बैठक मोडली नव्हती. आता देवापुढं खुर्चीवर कसं बसायचं? साच्यासाठी लाकडी नमुने करतात त्या कंपनीच्या पॅटर्न शॉपमधले सागवानाचे जुने तुकडे मी मागून आणले आणि तिच्या मापाचं स्टूल केलं. खुबा गुडघ्यापेक्षा वर राहील एवढं उंच, पायाखाली पाट. तिनं त्यावर बसून बघितलं आणि म्हणाली, "देवापेक्षा उंच बसलोय की मी. त्यो काय म्हनंल?" मी म्हटलं, तोच विचारायला येईल. "येऊ दे," म्हणाली, "मलाबी त्येला लई इचारायचंय."

नंतर पाठ गेली. पाण्याची कळशी उचलली आणि कण्यात कट्ट वाजलं. मणका दबला होता. वर्षाभरानं दुसरा, तो तर नुसत्या खोकल्यानं. चार बोटं बुटकी झाली, पोक आलं. फळीवरचा चटणीचा डबा हाताला येईना. मी म्हटलं, फळी खाली घेतो. 'री' आलं. "फळी हाय तितंच ऱ्हानार. डबा काढून द्यायाला तुमी हायसा की."

हाडांसाठी आठवड्यातून एकदा एक गोळी असायची. उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ही गोळी तिला फार आवडली. "ही खरी तालमीतली गोळी. पडू देत न्हाय." दर सोमवारी सकाळी गोळी घेऊन ती स्टुलावर ताठ बसायची, म्हणजे पोकासकट जेवढं ताठ होता येतं तेवढं, आणि त्या अर्ध्या तासात आठवडाभराचं माझं चुकलेलं सांगायची. चटणीत मीठ, दाराची कडी, भावजयीला दिलेला भलता शब्द. मी घड्याळ बघायचो. ती म्हणायची, "घड्याळ काय बगतासा, त्ये बी माझ्याच बाजूनं हाय."

शेवटच्या दोन वर्षांत तिला पाठीवर निजता येत नव्हतं. उश्यांना टेकून अर्धी बसलेलीच झोपायची. तिनं त्याचाही विजय केला. "बगा, आता तर झोपंतबी पाठ टेकत न्हाय."

अशाच एका सोमवारी ती म्हणाली, "अवो, मी गेल्यावर मला मांडी घालून बसवायचं."

आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग देतात, आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. मी म्हटलं, "डॉक्टर न्हाय म्हणलाय मांडीला."

"डॉक्टर तवा येत न्हाय."

"आणि सांधा निखळला म्हंजे?"

"निखळंना. मला काय तितनं चालत परत यायचं हाय?" हसली. मग हसायची थांबली. "इतकी वरसं देवाम्होरं खुर्चीवर बसलोय. तितं तरी भुईवर बसू दे. कोन झोपवा म्हनाला तर ऐकायाचं न्हाय. कबूल?"

मी कबूल म्हटलं. अर्धा तास व्हायला अजून दहा मिनिटं होती, त्यात तिनं मला दाराच्या कडीचं ऐकवलं.

गेल्या थंडीत छातीत न्युमोनिया झाला. दवाखान्यातून पाचव्या दिवशी हट्ट करून घरी आली आणि सकाळी उश्यांना टेकून बसलेली असतानाच गेली. सोमवार असता तर लिहायला बरं दिसलं असतं, पण गुरुवार होता.

अंग आकडायच्या आत बसवावं लागतं. शेजारच्या बायकांनी आंघोळ घातली, कपाळाला विभूती लावली, भिंतीला टेकवून बसवलं. डावा पाय दुमडला. उजवा दुमडेना. सरळ समोर राहिला. दोघींनी धरून बघितला. एक म्हणाली, "आत लोखंड हाय, मोडायाचा न्हाय." विधी करायला आलेले मठाचे स्वामी दारात उभे होते. माझे थोरले भाऊ, अण्णा, पुढं आले. ऐंशीच्या घरातले, घरात त्यांचा शब्द शेवटचा. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबा, हाल नको करायला तिचं. झोपवून नेऊ. शिव काय रागावत न्हाय. मला कळतंय ह्यातलं."

मी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हटलं, "गुडघा."

भावजय तोंडाला पदर लावून रडत होती, तिला हसू फुटलं, आणि मग ती आणखी मोठ्यानं रडली. अण्णा मागं सरकले.

मी भुईवर बसलो. तो पाय मांडीवर घेतला. रोज उशी घालून ज्या पायाला मी आत वळू दिलं नव्हतं, तो मीच आत वळवायचा होता. हाताला सवय उलटी. वाळूतून पॅटर्न काढताना घाई केली की साचा ढासळतो, हळू हळू ठोकत, सगळीकडून सैल करत, मग एका दमात उचलायचा. तसंच केलं. आधी गुडघा दुमडला. मग मांडी थोडी बाहेर, थोडी खाली, परत बाहेर. आत कुठंतरी दबका आवाज झाला. निखळला असेल. मी हात काढला नाही. पाऊल डाव्या मांडीखाली गेलं आणि ती बसली. पोक आलेली, चार बोटं बुटकी, पण भुईवर, मांडी घालून. कोण कानडी म्हातारी मागून म्हणाली, "अव्वा, भांडायला बसल्यागत बसलीया बगा."

खड्ड्यातही तशीच बसवली. माती खांद्याला लागेपर्यंत मी काठावर उभा होतो. ती बसलेलीच होती.

काल तालमीतून वस्ताद आले होते. त्यांना आता दिसत कमी. चहा घेऊन उठताना म्हणाले, "लई सोसलं हो—" मी म्हटलं, वस्ताद, पुढचा शब्द काढू नका, बसा. आणि इथपर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. गुडघ्याचंही वाचलं, गाळलं नाही. त्यांनी काठीवर हनुवटी ठेवून ऐकलं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे कुस्ती कुणी मारली म्हनायची?"

मी म्हटलं, "पाठ न्हाय लागली, वस्ताद. बरोबरीत सुटली."

"असं," ते म्हणाले, आणि काठी टेकत उठले.